पब्लिक स्टॅटिक खाडे

मागच्या सत्रात आपल्या मेसमध्ये बिलावरून जे भांडण झालं ते बहुतेकांना आठवत असेलच. जे तेव्हा नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या विंगमधला एक मित्र आजोबा गेले म्हणून 14 दिवस गावी गेला होता. जाण्याआधी त्याने रीतसर खाडे लिहून दिले होते. दिवसाला 100 रुपये या हिशोबाने 30 दिवसांतले 14 वजा जाता त्याचं बिल 1600 रुपये यायला हवं होतं. हातात पडलं 3000 चं. घरी नुकताच तेराव्याचा खर्च झालेला, त्यामुळे तो बिचारा मोजून 1600 च घेऊन आला होता. त्याने मेस सेक्रेटरीला गाठलं. सेक्रेटरी म्हणजे तरी कोण, आपल्यातलाच एक तृतीय वर्षाचा मुलगा. तो शपथेवर सांगत होता, "अरे, मी बिल काढताना स्क्रीनवर 14 खाडे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत!" कोणाचाच विश्वास बसेना. शब्दाने शब्द वाढला आणि भर मेसमध्ये कोणीतरी त्याला चोर म्हणालं.

ते बिल छापणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. मी तिथेच, दुसऱ्या टेबलावर आमटी-भात कालवत बसलो होतो. सेक्रेटरीने आशेने माझ्याकडे बघितलं. आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "संगणक चुकत नाही. तूच काहीतरी चुकीचं भरलं असशील."

दोन दिवसांनी कळलं की सेक्रेटरी अगदी खरं बोलत होता. स्क्रीनवर 14 च होते, छपाईत 0 धरले गेले होते आणि त्याला कारण होती मी लिहिलेली एक ओळ. या लेखाचं नाव त्या ओळीवरूनच आहे.

आता थोडं तांत्रिक. इतर शाखांच्या मित्रांनी पानं उलटू नयेत, यात सी-जावा न शिकलेल्याला कळणार नाही असं काही नाही.

तो प्रोग्रॅम म्हणजे आमचा मिनी प्रोजेक्ट. आम्ही तिघे, भाषा जावा, पडद्यासाठी स्विंग. एक विंडो विद्यार्थ्यांच्या यादीची, एक खाडे भरायची, एक बिलाची. प्रत्येक विंडो हा वेगळा ऑब्जेक्ट. प्रत्येकीचं काम वाटून घेतलं आणि सगळ्या आपापल्या जागी छान चालल्या. एकत्र जोडायला बसलो तेव्हा प्रश्न आला : खाड्यांच्या विंडोत भरलेला आकडा बिलाच्या विंडोत न्यायचा कसा? सबमिशनच्या आदल्या रात्रीचे दोन वाजलेले. एका सीनियरने दारातूनच उत्तर दिलं, "स्टॅटिक कर की, काय डोकं लावतोस!" मी लिहिलं, पब्लिक स्टॅटिक इंट खाडे. प्रोग्रॅम चालला. आम्ही चहा प्यायला गेलो.

पब्लिक म्हणजे कोणीही वाचावं, कोणीही बदलावं. स्टॅटिक म्हणजे संपूर्ण प्रोग्रॅममध्ये तो आकडा एकच. बिलाची विंडो उघडली की त्या विद्यार्थ्याचे खाडे या एका डब्यात टाकले जायचे, एका लेबलवर दाखवले जायचे आणि छपाईचं बटण दाबलं की डब्यातला आकडा घेऊन हिशोब व्हायचा. आम्ही तपासताना एका वेळी एकच बिल उघडत होतो, त्यामुळे सगळं ठीक. पण महिनाअखेरीला सेक्रेटरीसमोर रांग लागली होती. त्याने आमच्या मित्राचं बिल उघडलं, डब्यात 14. तेवढ्यात मागचा घाई करायला लागला म्हणून त्याचंही बिल उघडलं. त्याचे खाडे शून्य, म्हणून डब्यात 0. मग सेक्रेटरी पहिल्या विंडोकडे परत आला. तिथल्या लेबलवर जुने 14 तसेच दिसत होते. त्याने छपाई दाबली. हिशोबाला डब्यातले 0 गेले. बिलावर आम्ही फक्त नाव आणि एकूण रक्कम छापत होतो, त्यामुळे चूक कागदावरही दिसली नाही. नंतर काकांची वही घेऊन बसलो तेव्हा अशी चार बिलं सापडली. दोन जास्तीची आणि दोन कमीची. कमीची बिलं आलेल्यांपैकी कोणीही भांडायला आलं नव्हतं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो!

आता मूळ मुद्दा. ही चूक माझ्या आळसाची होती हे कबूल. पण माझं ठाम मत असं आहे की ती एकट्या माझी नव्हती. आपण ज्या पद्धतीने प्रोग्रॅमिंग शिकतो त्यात हा प्रश्न विचारलाच जात नाही. जर्नलमधले प्रयोग आठवा. कॅल्क्युलेटर, लॉगिनचा फॉर्म, रंग बदलणारं बटण. सगळे एका विंडोचे. एकच विंडो असेल तर डेटा कोणाचा हा प्रश्नच उद्भवत नाही, जे आहे ते तिचंच. दुसरी विंडो आली की खरी गंमत सुरू होते आणि ती आपण पहिल्यांदा बघतो ती सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता. एन्कॅप्सुलेशनची व्याख्या आपल्याला झोपेत विचारली तरी येते. मला ओरलला एक्सटर्नलनी तीच विचारली होती. मी ती न अडखळता सांगितली, त्यांनी मान डोलावली. त्या वेळी शेजारच्या पीसीवर माझा स्टॅटिक डबा उघडा पडलेला होता.

स्टॅटिक नको तर मग काय? पहिला सुचणारा उपाय म्हणजे विंडोंची एकमेकींशी ओळख करून देणे. बिलाची विंडो तयार करतानाच तिच्या हातात खाड्यांच्या विंडोचा पत्ता द्यायचा, म्हणजे ती हवं ते विचारून घेईल. दोन विंडोंना हे चालतं. तीन झाल्या आणि प्रत्येकीला दुसरीची खबर हवी असली की सहा पत्ते लागतात, पाच झाल्या की वीस. शिवाय खाड्यांची विंडो बंद केली तर बिलाने विचारायचं कोणाला? आणि एका विंडोत टेक्स्टबॉक्सचं नाव बदललं की दुसरी मोडते. म्हणजे कागदोपत्री तीन ऑब्जेक्ट, प्रत्यक्षात एकच गुंता.

दुसरा उपाय म्हणजे आकड्याची प्रत काढून देणे. प्रत दिली की ती त्या क्षणापासून जुनी व्हायला लागते. परीक्षेचं जुनं वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर कसं फिरत राहतं आणि दरवर्षी एखादा चुकीच्या दिवशी पेपरला हजर होतो, तसंच.

खरं उत्तर मला आपल्या मेसच्या काउंटरवर सापडलं. काकांची खाड्यांची वही! ती एकच असते, काउंटरवरच असते. पेन सुद्धा दोरीने बांधलेलं. खाडा सांगायचा तर काकांना सांगायचा, लिहिणार काका. ज्याला बघायचं त्याने तिथे येऊन बघायचं. वहीचं पान फाडून कोणी खोलीत नेत नाही. मी इतके दिवस "या विंडोतून त्या विंडोत डेटा कसा पाठवू" हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. आधी विचारायला हवा होता तो प्रश्न असा की हा डेटा मुळात आहे कोणाचा? खाडे हे खाड्यांच्या विंडोचेही नाहीत आणि बिलाच्या विंडोचेही नाहीत. विंडो आज उघडेल, उद्या बंद होईल. खाडे मेसचे आहेत. तेव्हा त्यांच्यासाठी मेससारखाच एक तिसरा ऑब्जेक्ट हवा, ज्याला पडदा, बटण, लेबल यांतलं काहीच माहीत नसेल.

हा शोध अर्थातच माझा नाही. ट्रिग्वे रीनस्काउग नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाने 1979 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात असताना ही मांडणी केली. तीच पुढे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर म्हणून प्रसिद्ध झाली. डेटा आणि त्याचे नियम मॉडेलकडे, दाखवण्याचं काम व्ह्यूकडे. मॉडेल बदललं की व्ह्यूला कळवायचं कसं, त्याची रीत 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात ऑब्झर्व्हर या नावाने दिलेली आहे. ज्याला बदलाची खबर हवी त्याने आपलं नाव नोंदवायचं. बदल झाला की मॉडेल नोंदवलेल्या सगळ्यांना हाक मारतं, "बदललंय रे, बघून घ्या!" हाक ऐकणारे कोण, किती, ते ऐकून काय करतात याच्याशी मॉडेलला देणंघेणं नाही. नॉर्वेतच जन्मलेल्या आणि 1995 मध्ये प्रथम बाहेर आलेल्या क्यूट या टूलकिटमध्ये याच कल्पनेला सिग्नल आणि स्लॉट म्हणतात.

सगळ्यात वाईट मला याचं वाटलं की हे सगळं स्विंगमध्ये आधीपासून होतं. 1998 पासून स्विंग जावाच्या मुख्य संचाचा भाग आहे आणि आपण ते फक्त बटणं ठेवायला वापरतो. एक प्रयोग सांगतो, पाच मिनिटांचा आहे, आजच लॅबमध्ये करून बघा. एका विंडोत एक जे-टेक्स्टफील्ड ठेवा, दुसऱ्या विंडोत दुसरं. पहिल्याचं डॉक्युमेंट गेट-डॉक्युमेंटने मागून घ्या आणि सेट-डॉक्युमेंटने दुसऱ्याला द्या. बस्स, एवढंच. आता एकात टाइप करा, प्रत्येक अक्षर त्याच क्षणी दुसऱ्यात उमटेल. उलट्या बाजूनेही तसंच. कारण अक्षरं टेक्स्टफील्डमध्ये राहतच नाहीत, ती डॉक्युमेंटमध्ये राहतात. टेक्स्टफील्ड ही नुसती बघायची आणि लिहायची जागा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहा मिनिटं वेड्यासारखा दोन्हीकडे नाव टाइप करत बसलो होतो.

मग मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. 'खातेवही' नावाचा क्लास केला. त्यात विद्यार्थ्याच्या क्रमांकाप्रमाणे खाडे, आणि ते प्रायव्हेट. बदलायचे असतील तर एकाच मेथडमधून, जिथे तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरायचा नाही हा मेसचा नियमही तपासला जातो. श्रोत्यांची यादी सांभाळायला जावाचा तयार प्रॉपर्टी-चेंज-सपोर्ट आहे, तो वापरला. बिलाच्या विंडोला फक्त दोन गोष्टी माहीत : विद्यार्थ्याचा क्रमांक आणि खातेवही कुठे आहे. रक्कम ती साठवत नाही, दर वेळी वहीला विचारून काढते. लेबलही तिथूनच, छपाईही तिथूनच. आता दहा बिलं उघडा, कशाही क्रमाने छापा.

इथे माझा रूम पार्टनर नेहमीप्रमाणे आडवा आला. म्हणाला, "तीन विंडोंच्या प्रोग्रॅमला एवढा शाही थाट कशाला?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. कॅल्क्युलेटरला खातेवही लागत नाही. आणि हाकाऱ्यांचा हा खेळ फुकटही मिळत नाही. जे-फ्रेमची विंडो वरच्या फुलीने बंद केली की ती मुळात फक्त लपते, नष्ट होत नाही. त्यामुळे माझ्या नव्या प्रोग्रॅममध्ये बंद केलेली बिलं पडद्यामागे बसून प्रत्येक हाकेला ओ देत होती! विंडो बंद करताना नाव यादीतून काढायचं आणि डिस्पोज म्हणायचं, हे नंतर शिकलो. दुसरी भानगड म्हणजे एकाने दुसऱ्याला बदलायचं, दुसऱ्याने परत पहिल्याला, आणि दोघे अखंड फिरत राहायचे. मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. फेसबुकच्या चॅटमध्ये न वाचलेल्या संदेशांचा आकडा पुन्हा पुन्हा चुकायचा. 2014 मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी हे उदाहरण जाहीरपणे देऊन फ्लक्स ही एकाच दिशेने डेटा नेणारी पद्धत मांडली. तिसरी भानगड थ्रेडची. स्विंगच्या पडद्याला हात लावायचा तो त्याच्या इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरूनच, लांबणारं काम मागे वेगळं करायचं. त्यासाठी स्विंगवर्कर 2006 च्या जावा 6 पासून सोबत मिळतो. तेव्हा रूम पार्टनरला माझं उत्तर एवढंच की ज्या दिवशी दुसरी विंडो काढशील त्या दिवशी पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बस आणि प्रत्येक आकड्यासमोर मालकाचं नाव लिही. बाकीचा थाट नंतर गरजेप्रमाणे कर.

"1400 रुपयांचं काय एवढं, परत मिळाले ना?" असंही काही जण म्हणाले. त्यांना थेराक-25 ची गोष्ट सांगावीशी वाटते. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं हे कॅनडात बनलेलं यंत्र. 1985 ते 1987 दरम्यान अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा जणांना किरणांचा भयंकर जादा डोस दिल्याची नोंद आहे. त्यांतले काही त्यानेच दगावले. कारणं अनेक होती. आधीच्या यंत्रात असलेली स्वतंत्र यांत्रिक सुरक्षा काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला होता, हे एक. पण 1986 मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे जे घडलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तंत्रज्ञ उपचाराचा प्रकार चुकून एक्स असा टाइप करायची, लक्षात आलं की कर्सर वर नेऊन ई करायची. पुढच्या चुंबकांची मांडणी व्हायला साधारण 8 सेकंद लागत. दुरुस्ती त्या 8 सेकंदांच्या आत उरकली तर पडद्यावर ती दिसायची, पण प्रोग्रॅमच्या एका भागाला तिचा पत्ताच लागायचा नाही. एकाच वेळी चालणारी कामं काही आकडे सामायिक वापरत होती आणि त्यांच्यात धड ताळमेळ नव्हता. पडद्यावर एक, यंत्राच्या पोटात दुसरं. तंत्रज्ञ तरबेज होती, तिचा हात भरभर चालायचा, म्हणून तिच्याच हातून ते घडलं. आपल्या सेक्रेटरीचंही तेच. रांग लवकर संपावी म्हणून तो दोन विंडो उघडून काम करत होता.

त्या यंत्राच्या बाबतीतही आधी रुग्णांच्या तक्रारी आल्या तेव्हा असा जादा डोस जाणं शक्यच नाही, असं उत्तर दिलं गेलं होतं. मी मेसमध्ये आमटी-भात कालवत काय वेगळं म्हणालो होतो?

तेव्हा आपल्या विभागातल्या सर आणि मॅडमना या लेखातून तीन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. लहान तोंडी मोठा घास घेतोय, राग मानू नये. एक, जर्नलमध्ये दोन विंडोंचा निदान एक तरी प्रयोग असावा. वरचा टेक्स्टफील्डचा चालेल, त्याला एक तासही लागत नाही. दोन, ओरलला व्याख्या जरूर विचारा, पण त्याआधी आमच्याच प्रोजेक्टच्या दोन विंडो शेजारी-शेजारी उघडायला सांगा. एकीत काहीतरी बदला आणि दुसरीकडे बघा. दोन मिनिटांत सगळं कळतं. तीन, सबमिशन झाल्यावर आमचा कोड दुसऱ्या ग्रुपच्या हातात देऊन एक छोटा बदल करायला लावा. आपण लिहिलेलं दुसऱ्याला वाचावं लागणार आहे हे माहीत असलं की रात्री दोन वाजता स्टॅटिक लिहिताना हात जरा थबकेल. टर्मवर्कच्या 25 पैकी 5 मार्क यासाठी ठेवले तर आम्ही नक्की मनावर घेऊ. मार्क असल्याशिवाय आम्ही काहीच मनावर घेत नाही, हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एकच. कोणी येऊन सांगितलं की तुझ्या प्रोग्रॅममध्ये हे चुकतंय, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला म्हणा, "दाखव, तू नेमकं काय केलंस?" मी तेव्हा हातातला घास ठेवून एवढंच केलं असतं तर चार बिलं अर्ध्या तासात सुधारली असती आणि एका चांगल्या मुलावर चोरीचा आळ आला नसता.

मित्राचे 1400 रुपये पुढच्या बिलात वळते झाले. मधल्या काळात त्याने दोघांकडून उसने घेऊन भागवलं. सेक्रेटरीची मी मेसमध्ये, तेवढ्याच लोकांसमोर माफी मागितली. त्याने "जाऊ दे रे" म्हटलं, पण पुढच्या महिन्यात पद सोडलं ते सोडलंच. आता ते काम माझ्याकडे आलंय. दर 1 तारखेला काकांची वही आणि माझी खातेवही शेजारी ठेवून आम्ही दोघं ताडून बघतो. अजून फरक सापडलेला नाही. तरीही तो मित्र स्वतःचं बिल घेताना काकांच्या वहीत बोट ठेवून आपले खाडे मोजतो आणि मगच पैसे देतो. मी काही बोलत नाही, वही त्याच्याकडे सरकवतो.